शाळेपाठोपाठ बिऱ्हाड

घर कोठें करावें याविषयीं जुन्या लोकांचे आडाखे ठरलेले होते. पाणी जवळ असावें, शेजार निवांत असावा, जमिनीला ओल नसावी, दाराची दिशा पाहावी, बाजार फार लांब नसावा. या विचारांत शाळेचें नांव सहसा येत नसे. कारण शाळाच घराकडे येत असे. गांवांतल्या कोणा बऱ्या स्थितींतल्या गृहस्थाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवींत पंतोजी येऊन बसत, धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेत, आणि आसपासचीं मुलें तेथें गोळा होत. पंतोजींना शिधा मिळे, मुलांना मोडी वळण व पाढे मिळत, आणि कोणालाहि आपलें घर हलवावें लागत नसे. आज घर विकत घेणारें जोडपें दलालाला पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच जवळ शाळा कोणती, असें विचारतें. हा पालट दीडशें वर्षांतला आहे. त्या अवधींत महाराष्ट्रांतलें मध्यमवर्गीय घर शाळेच्या मागोमाग चालत आलें, आणि ज्याला तसें चालतां आलें नाहीं तो मागें राहिला.

इ. स. १८५७ त मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच्यामागोमाग मॅट्रिक्युलेशनची परीक्षा आली. सरकारी नोकरी, वकिली, कॉलेज या सर्वांच्या वाटा त्या एकाच दरवाजांतून जात. परंतु त्या दरवाजापर्यंत नेणारी इंग्रजी शाळा गांवोगांव नव्हती. ती बहुधा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं असे. कोंकणांतला किंवा देशावरचा मुलगा मराठी इयत्ता संपवून बसला कीं घरांत प्रश्न उभा राही : आतां याला ठेवावयाचें कोठें? धोंडो केशव कर्वे यांची कथा सर्वश्रुत आहे. परीक्षेसाठीं हा मुलगा मुरुडाहून घाट चढून पायीं साताऱ्यास गेला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. परीक्षा द्यावयाची तरी एवढी पायपीट, मग शिकावयाचें म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी. बाळ गंगाधर टिळक त्या मानानें भाग्यवान. त्यांचे वडील गंगाधरपंत हे स्वतः शिक्षणखात्यांतले. १८६६ सालीं त्यांची पुण्यास बदली झाली आणि रत्नागिरीचें कुटुंब पुण्यास आलें. खात्यानें बाप हलविला, म्हणून मुलाला पुण्याची शाळा मिळाली.

ज्यांचे बाप असे हलले नाहींत त्यांचें काय झालें, तें गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रांत दिसतें. कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवचा हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा फिरत, कधीं नातेवाइकांकडे राहून तर कधीं मिळेल तें काम करून १८७५ सालीं मॅट्रिक झाला व मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या वेळीं थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरली आणि महिना १५ रुपये पगारांतले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. पगाराचा अर्ध्याहून अधिक भाग एका मुलाच्या शाळेपायीं जावा, हा हिशेब आजच्या घरकर्जाचे हप्ते फेडणाऱ्यांना समजण्यास कठीण जाणार नाहीं.

ज्यांना आठ रुपयेहि कोणी पाठवीत नसे त्यांच्यासाठीं पुण्यांत दोन वाटा होत्या. एक माधुकरी, दुसरी वार. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, अशीं सात घरें बांधून घेऊन मुलगा जेवी आणि रात्रीं कोणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळांत पथारी टाकी. आठवड्याचीं सात घरें होतीं, पण राहावयाचें असें एकहि नव्हतें. या रीतीचें पुष्कळ कौतुक झालें आहे आणि तें अगदींच अस्थानीं नाहीं. अनेक विद्वान् तिच्यावर वाढले. परंतु कौतुक करणारे एक गोष्ट बहुधा सांगावयास विसरतात. वार लागे तो जातीनें लागे. ब्राह्मणाच्या मुलाला सदाशिव पेठेंत सात घरें मिळत. कुणब्याच्या मुलाला पंक्तीचें पान मिळणें दुर्घट होतें, आणि महाराच्या मुलाला वाड्याचा दिंडी-दरवाजाहि बंद. शाळेचें दार कायद्यानें सर्वांस उघडें झालें तरी शाळेजवळचें घर उघडें झालें नव्हतें. शिक्षणांतली जी विषमता पुढें पिढ्यान् पिढ्या टिकली तिचें एक मूळ शाळेच्या वर्गांत होतें, आणि दुसरें, तितकेंच खोल गेलेलें, या वाड्यांच्या उंबऱ्यांत होतें.

पुण्यांत तर शाळेपायीं घर सोडावें लागल्याचेंहि उदाहरण आहे. १८४८ सालीं जोतीराव फुल्यांनीं बुधवार पेठेंतल्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. पुढच्या वर्षीं, १८४९ त, या कार्यापायीं जोतीराव व सावित्रीबाई या दोघांना वडिलांचें घर सोडून बाहेर पडावें लागलें.

राहण्याचा हा प्रश्न ज्यांनीं नेमका ओळखला त्यांत कोल्हापुरच्या शाहू छत्रपतींचें नांव प्रथम घ्यावें लागतें. कोल्हापुरांत राजाराम कॉलेज होतें, हायस्कूल होतें, खेड्यांतले हुशार मुलगेहि होते. नव्हती ती रात्रीं डोकें टेकण्याची जागा. १८९६ त सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं म्हणून एक वसतिगृह निघालें, पण तें थोड्याच काळांत व्यवहारतः एकाच जातीचें होऊन बसलें. तेव्हां महाराजांनीं निराळा मार्ग धरला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजासाठीं वसतिगृहें उभीं राहत गेलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालें. प्रत्येक जातीचें वेगळें घर, ही योजना आदर्श खासच नव्हे. परंतु उपाशी मुलापुढें आदर्शाची चर्चा करण्यापेक्षां ताट वाढणें बरें, असा तो व्यवहार होता. जातींच्या या भिंती पाडण्याचें काम पुढें भाऊराव पाटलांनीं केलें. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतल्या काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ त साताऱ्यास तिचें वसतिगृह निघालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत. भाऊरावांनीं शाळा काढण्याबरोबर घर काढलें, आणि त्या घराच्या बळावर खेड्यांतला मुलगा शाळेंत टिकला.

इकडे पुण्यांत, ज्यांच्याजवळ थोडीफार शेती वा पेन्शन होती, अशा कुटुंबांनीं निराळी तोड काढली. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. १८८३ सालीं नूतन मराठी विद्यालय निघालें. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व हुजूरपागेची मुलींची शाळा, आणि १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. पांच वर्षांत एवढ्या संस्था एकमेकींपासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर उभ्या राहिल्या. मग गांवाकडून बिऱ्हाडें येऊं लागलीं. वडील नोकरीच्या किंवा शेतीच्या गांवीं राहत. आई, नाहीं तर विधवा आत्या, मुलांना घेऊन सदाशिव, नारायण वा शनिवार पेठेंतल्या वाड्यांत दोन खणांची खोली घेऊन राही. तांदुळाचें पोतें गांवाहून येई, भाडें मनीऑर्डरीनें येई. एका संसाराच्या दोन चुली होत, आणि तरी कोणी त्यास उधळपट्टी म्हणत नसे. हें बिऱ्हाड अमुक मुलाच्या शिक्षणासाठीं केलें, असें सरळ सांगत. एका मुलाची मॅट्रिक झाली कीं पुतण्या येई, मग भाचा. आणि ज्या खोलींत चार वर्षें राहावयाचें म्हणून आले तेथें दुसरी पिढी जन्मास येई. जुन्या पेठांत वाड्यांच्या मालकांचीं आडनांवें कोणतींहि असोत, भाडेकऱ्यांच्या आडनांवांवरून कोंकणांतले तालुके सांगतां यावेत अशी स्थिति झाली.

मुलींच्या बाबतींत हा प्रश्न अधिक नाजूक होता. मुलगा वार लावून जेवूं शकत होता, ओसरीवर निजूं शकत होता. मुलीला यांतलें कांहींच शक्य नव्हतें. तिला शिकवावयाचें तर शाळा घराच्या हांकेवर पाहिजे, नाहीं तर शाळाच घर झालें पाहिजे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत काढलेल्या व पुढें पुण्यास नेलेल्या संस्थेचें नांव शारदा सदन असावें, हें या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगें आहे. सदन म्हणजे घर. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांच्या आश्रमासाठीं संस्था स्थापन केली. प्लेगाच्या दिवसांत शहरांत राहणें अवघड झालें, तेव्हां १९०० सालीं रावबहादुर गोखले यांनीं दिलेल्या जागेवर, पुण्यापासून दूर हिंगण्याच्या माळावर, आश्रमाची झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावें आणि सायंकाळीं सामानाचें ओझें घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जावें, असा अण्णासाहेबांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. त्या माळावर घर बांधावें असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नसेल. पुढें शहर वाढत वाढत तेथवर आलें, आणि हिंगणे बुद्रुकचा तो भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.

फर्ग्युसन कॉलेजाचेंहि असेंच झालें. शहरांतल्या वाड्यांतून तें १८९५ सालीं मुठेच्या पलीकडे, चतुःशृंगीच्या वाटेवरच्या मोकळ्या जागेंत गेलें. लकडी पुलापलीकडे कोण जातो, असें म्हणणारे तेव्हां पुष्कळ होते. महिना ७५ रुपयांवर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन पत्करलेले प्राध्यापक प्रथम गेले, त्यांच्यामागून विद्यार्थी गेले, आणि विद्यार्थ्यांमागून पेन्शनर मंडळी गेलीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत डेक्कन जिमखाना व एरंडवणें या बाजूस जे बंगले झाले त्यांच्या आसपास फर्ग्युसन, भांडारकर संशोधन मंदिर आणि १९२४ सालीं निघालेलें लॉ कॉलेज अशा संस्थांची रांगच होती. त्यागानें राहणाऱ्या शिक्षकांच्या शेजाराला पुढें इतका भाव यावा कीं तेथें शिक्षकालाच घर घेतां येऊं नये, हा यांतला विनोद कडू आहे.

मुंबईची तऱ्हा वेगळी. तेथें बिऱ्हाडें शाळेसाठीं नव्हे, नोकरीसाठीं आलीं होतीं. गिरगांवांतल्या चाळी भरल्या त्या कचेऱ्यांच्या ओढीनें. परंतु १८९६ सालीं प्लेग आला आणि दाट वस्तीची धास्ती लोकांनीं घेतली. १८९८ त सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्यानें दादर-माटुंग्याच्या शेतांत आणि वाड्यांत आंखीव रस्ते, झाडें व घरांसाठीं भूखंड पाडले. नवी वसाहत हवेशीर होती, रेल्वे जवळ होती. तरीहि गिरगांवचा कारकून लगेच उठून आला नाहीं. मुलें कोठें जाणार, हा त्याचा प्रश्न होता. हिंदु कॉलनींत किंग जॉर्ज शाळा भरूं लागली (हीच पुढें राजा शिवाजी विद्यालय झाली), व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं भायखळ्याहून माटुंग्यास आलें, दक्षिणेकडून आलेल्या मंडळींनीं १९३२ त साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९३७ सालीं रुइया कॉलेज निघालें, १९४० त शिवाजी पार्काजवळ दादासाहेब रेगे यांनीं बालमोहन विद्यामंदिर सुरू केलें. बालवर्गापासून पदवीपर्यंत एकाच घरांत राहून पायीं जावें, अशी सोय त्या काळांत सबंध मुंबई इलाख्यांत फारच थोड्या ठिकाणीं असेल. दादरची प्रतिष्ठा मोकळ्या हवेनें जेवढी वाढली त्याहून अधिक या शाळांनीं वाढविली.

पार्ल्याचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. वाड्या व बागाईत असलेल्या या गांवांत विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठी कुटुंबें येऊन राहूं लागलीं. १९२० च्या ऑगस्टांत लोकमान्य गेले. त्यांच्या स्मरणार्थ पुतळा उभारण्याऐवजीं पार्लेकरांनीं ९ जून १९२१ रोजीं पार्ले टिळक विद्यालय काढलें. कोणा संस्थानिकाची देणगी नव्हे, सरकारची योजना नव्हे. आपलीं मुलें जवळ शिकावींत म्हणून राहणाऱ्यांनीं उभारलेली ही शाळा. मग मात्र चक्र उलटें फिरलें : राहणाऱ्यांनीं शाळा काढली आणि शाळेनें राहणारे आणले. पु. ल. देशपांड्यांचें कुटुंब त्यांच्या लहानपणीं जोगेश्वरीहून पार्ल्यास आलें आणि पु. ल. याच शाळेंत शिकले. पार्लेकर हा शब्द मराठींत एका विशिष्ट स्वभावाचा निदर्शक झाला आहे, त्यांत या शाळेचा वांटा लहान नाहीं.

याच मुंबईंत एका बापानें आपल्या मुलासाठीं केलेली तजवीज येथें सांगितली पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ सातारा सोडून मुंबईस आले ते परळच्या डबक चाळींत, एका खोलींत. साताऱ्याच्या शाळेंत त्यांच्या भीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे. मुंबईंत तो एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागला. त्या एका खोलींत स्वयंपाक, निजणें, सरपण, सारें तेथेंच. रामजी स्वतः रात्रीं दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्यानें रिकामी केलेल्या जागेंत आपण निजत. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. पुढें परदेशच्या पदव्या मिळवून आल्यावरहि त्यांचा संसार कित्येक वर्षें परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतल्या दोन खोल्यांत होता. १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांनीं दादरच्या हिंदु कॉलनींत, त्या शाळा-कॉलेजांच्या वसाहतींत, राजगृह बांधलें. घर बांधतांना त्यांच्या डोळ्यांपुढें दिवाणखाना नव्हता. ग्रंथ ठेवावयास जागा नव्हती म्हणून तें घर झालें. लोक पुस्तकांच्या शाळेजवळ घर घेत होते. यांनीं पुस्तकांसाठींच घर घेतलें.

यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो, कारण त्यांत पैशाखेरीज फारसें कांहीं नाहीं. १९१८ सालीं व पुन्हां १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. भाडें गोठलें, आणि त्याबरोबर भाडेकरूहि जागच्या जागीं गोठला. पूर्वी शाळा बदलली कीं बिऱ्हाड बदलतां येई; आतां खोली सोडणें म्हणजे दौलत सोडणें झालें व नवी मिळविण्यास पागडी मोजावी लागूं लागली. दादर-पार्ल्यांत ज्यांना वेळेवर जागा मिळाली त्यांच्या नातवंडांनाहि ती शाळा मिळाली. उशीरा आलेले डोंबिवली-कल्याणकडे गेले आणि तेथें त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून शाळा काढल्या. पुढें मालकीच्या सदनिकांचा काळ आला. भाड्याच्या दिवसांत शाळेच्या शेजाराची किंमत भाड्यांत थोडीशी दिसे. आतां ती चौरस फुटाच्या दरांत उघड दिसूं लागली. ज्यांच्या आजोबांनीं वर्गणी घालून शाळा बांधली त्यांच्यापैकीं कित्येकांना त्याच शाळेच्या आळींत घर घेणें परवडेना. शिवाय पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला. त्यामुळें घराचा भाव शाळेनें वाढविला, पण ज्या मराठी वर्गांनीं तो वाढविला त्यांतले बांक रिकामे पडूं लागले, असाहि प्रकार या वस्त्यांत घडला.

घर आणि शाळा यांच्यामधलें अंतर कायद्यानें मोजण्याची वेळ २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानें आणली. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक वर्गांसाठीं एक किलोमीटर व वरच्या प्राथमिक वर्गांसाठीं तीन किलोमीटर हें शेजाराचें माप ठरलें, आणि खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांना देतांना जवळ राहणाऱ्यांस अग्रक्रम मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य सरकारनें, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आंत असेल तर खाजगी शाळेला यांतून सूट देण्याचें ठरविलें. मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलैंत तो बदल रद्द केला. अर्ज भरतांना पालकानें नकाशावर आपल्या घराची जागा दाखवावयाची असते, व तेथून शाळेपर्यंतचें अंतर धरलें जातें. भाड्यानें राहणाऱ्यानें नोंदणी केलेला करार जोडावा अशी अपेक्षा असते. ज्याच्यापाशीं करार नाहीं आणि शिधापत्रिकेवर पत्ता अजून गांवाचाच आहे, त्याचें घर शाळेच्या भिंतीला लागून असलें तरी तें जवळ आहे हें सिद्ध करावयास त्याला कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतात.